पिस्तुलासाठी स्वसंरक्षणाची काडतुसं कशी निवडावी: अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी क्रमवार मार्गदर्शक

पिस्तूल घेताना लोक महिनोनमहिने चौकशी करतात. काडतुसं मात्र पैसे भरता भरता काउंटरवर जी दिसतील ती उचलतात. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘डिफेन्स’ लिहिलेलं असतं, म्हणून ती मॅगझिनमध्ये भरली जातात आणि त्या पिस्तुलातून त्यातलं एकही झाडून पाहिलेलं नसतं. काही घरांत तर सरावाचीच काडतुसं वर्षानुवर्षं भरलेली असतात.

बहुतेक चुका क्रम उलटा झाल्यामुळे होतात. आधी ब्रँड ठरतो, मग तो पिस्तुलात चालतो का ते कळतं, आणि आपल्या राज्यात ते काडतूस चालतं का हा प्रश्न शेवटी येतो. योग्य क्रम असा आहे: कायदा, पिस्तूल, गोळीचा प्रकार, वजन, घर, खरेदी, चाचणी, साठवण. यातला एखादा टप्पा गाळला तर पुढच्या टप्प्यांना अर्थ राहत नाही.

हा लेख अमेरिकेत कायदेशीरपणे हँडगन बाळगणाऱ्यांसाठी आहे. भारतातले परवाने, मान्य बोअर आणि काडतुसांचा कोटा हा वेगळा विषय आहे. ९ मिमी तर भारतात प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं, त्यामुळे इथला सल्ला तिकडे लागू करू नका.

काही शब्द आधीच पक्के करू. काडतूस म्हणजे पूर्ण राउंड. त्यात चार भाग असतात: पुढची गोळी, पितळी पुंगळी, आतली पावडर आणि बुडाशी बसवलेला, ठोका बसताच पावडर पेटवणारा प्रायमर. खाली ‘गोळी’ म्हटलं आहे तिथे फक्त नळीतून बाहेर जाणारा भाग समजा.

टप्पा १: आधी व्हिसा, मग राज्य

फेडरल कायदा बंदुकीइतकाच काडतुसांनाही लागू होतो, आणि नेमकं हेच आपल्या लोकांच्या ध्यानात नसतं. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, बी-२ असे व्हिसा नॉन-इमिग्रंट वर्गात येतात. या वर्गातल्या व्यक्तीने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हा १८ यूएससी ९२२ (जी)(५)(बी) खाली फेडरल गुन्हा आहे. २०२२ पासून त्याची कमाल शिक्षा १५ वर्षं आहे. याला ठरावीक अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे अमेरिकेतल्या राज्याचं वैध शिकार लायसन्स. ‘मित्राची आहेत, माझ्याकडे फक्त ठेवायला दिलीत’ हा अपवाद नाही. ग्रीनकार्डधारक आणि नागरिक यांना ही बंदी लागू नाही.

खरा गोंधळ होतो तो मिश्र व्हिसाच्या घरांत. नवरा नागरिक, बायको एच-४ वर, आणि सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा बी-२ वर, असं चित्र नेहमीचं आहे. अशा घरात तिजोरीची किल्ली किंवा कोड फक्त पात्र व्यक्तीकडेच हवा. काडतुसं कुठे आहेत हे माहीत असणं आणि ती हवी तेव्हा हाताळता येणं, या दोन गोष्टींवरून ताबा सिद्ध करता येतो. खोकं खिशात असण्याची गरज नसते. इमिग्रेशनच्या दृष्टीने बंदुकीसंबंधीचा गुन्हा देशाबाहेर काढण्याचं स्वतंत्र कारण ठरतो. शंका असेल तर खरेदीआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. दुकानदाराचं मत इथे कामाचं नाही.

आता राज्य. टेक्सासात काडतुसांसाठी राज्याचा वेगळा परवाना लागत नाही. इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड, म्हणजे राज्याचं बंदूकधारकाचं ओळखपत्र, लागतं. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून प्रत्येक खरेदीला राज्य पोलिसांच्या यंत्रणेतून पडताळणी होते. न्यू जर्सीत हँडगनची काडतुसं घ्यायला फायरआर्म्स आयडी कार्ड किंवा हँडगनचा परवाना दाखवावा लागतो.

एडिसन, जर्सी सिटी, प्लेन्सबरो या भागांतल्या वाचकांनी पुढचं नीट वाचावं. न्यू जर्सीत पोकळ टोकाची गोळी, म्हणजे हॉलो पॉइंट, स्वतःच्या घरात ठेवता येते आणि कायद्याने ठरवलेल्या पद्धतीने दुकानातून घरी किंवा रेंजवर नेता येते. ती भरून बाहेर फिरता मात्र येत नाही, कॅरी परमिट, म्हणजे भरलेलं पिस्तूल बाहेर बाळगायचा परवाना, असला तरीही. टोकाची पोकळी पॉलिमरने पूर्ण भरलेली असेल, उदाहरणार्थ हॉर्नडीची क्रिटिकल डिफेन्स किंवा क्रिटिकल ड्युटी, तर न्यू जर्सी स्टेट पोलिसांच्या खुलाशानुसार ती हॉलो पॉइंट धरली जात नाही. म्हणूनच तिथे घरासाठीची निवड आणि कॅरीची निवड वेगवेगळी असू शकते.

तपासा: राज्याच्या पोलीस किंवा ॲटर्नी जनरलच्या संकेतस्थळावर आजचा नियम पाहा. हे नियम न्यायालयांच्या निकालांनी बदलत राहतात. दुसऱ्या राज्यात गाडीने जाणार असाल तर तिथलाही नियम पाहा. पेनसिल्व्हेनियात चालणारं काडतूस डेलावेअर नदी ओलांडली की गुन्हा ठरू शकतं.

टप्पा २: नळीवर काय कोरलंय ते वाचा

पिस्तूल रिकामं करा. मॅगझिन काढा, स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे ओढा, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) डोळ्यांनी पाहा आणि बोटानेही चाचपा. मग नळीवर किंवा स्लाइडवर कोरलेलं कॅलिबर, म्हणजे काडतुसाचं माप, अक्षर न् अक्षर कागदावर उतरवा. काडतुसाच्या खोक्यावर आणि पुंगळीच्या बुडावर तेच नाव हवं. ‘जवळपास तेच’ चालत नाही.

नेहमी गफलत होते ती अशी. ९ मिमी लुगर, ९ मिमी पॅराबेलम आणि ९×१९ ही एकाच काडतुसाची नावं आहेत. ९ मिमी मॅकारोव्ह, म्हणजे ९×१८, वेगळं आहे. ३८० एसीपीला ९ मिमी कुर्झ, ९ मिमी शॉर्ट किंवा ९×१७ म्हणतात, आणि तेही वेगळं आहे. ३८ स्पेशल, ३८ सुपर आणि ३८ एस अँड डब्ल्यू ही तीन निरनिराळी काडतुसं आहेत. ४५ एसीपी आणि ४५ कोल्ट यांचा एकमेकांशी संबंध नाही. एकाच्या बंदुकीत दुसरं चालण्याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ३५७ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये ३८ स्पेशल चालतं. उलट नाही.

सावधान: घरात ९ मिमी आणि ४० एस अँड डब्ल्यू अशी दोन पिस्तुलं असतील तर एका वेळी एकाचंच खोकं टेबलावर ठेवा. ४० च्या चेंबरमध्ये ९ मिमी काडतूस सैल बसतं आणि झाडलं तर पुंगळी फाटू शकते.

आता काडतूस उडताना आत तयार होणाऱ्या दाबाचा प्रश्न. ९ मिमी लुगरसाठी सामी या अमेरिकी मानक संस्थेची कमाल सरासरी मर्यादा ३५,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे, तर ‘प्लस-पी’, म्हणजे जास्त दाबाच्या काडतुसासाठी ३८,५०० पीएसआय. ३८ स्पेशलसाठी हेच आकडे १७,००० आणि २०,००० आहेत. तुमचं पिस्तूल प्लस-पी झेलतं का, हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. मॅन्युअल हरवलं असेल तर निर्मात्याच्या संकेतस्थळावर पाहा. तिथे स्पष्ट होकार नसेल तर तो नकार समजा. जुनी ॲल्युमिनियम फ्रेमची रिव्हॉल्व्हरं याबाबतीत विशेष नाजूक असतात. ‘प्लस-पी-प्लस’ला सामीचं कुठलंही मानक नाही. आत किती दाब आहे ते फक्त बनवणाऱ्याला माहीत, त्यामुळे त्या वाटेला जाऊ नका.

टप्पा ३: गोळीचा प्रकार ठरवा

सरावाची स्वस्त काडतुसं एफएमजे असतात: शिशाची गोळी, वरून तांब्याचं पूर्ण आवरण, टोक गोल. ती शरीरात फुलत नाही. बॅलिस्टिक जिलेटिनच्या, म्हणजे चाचणीत शरीराच्या ऊतींऐवजी वापरतात त्या जेलीच्या ठोकळ्यात ती २४ इंच, म्हणजे ६० सेंमीपेक्षाही पुढे जाते. याचा अर्थ माणसातून बाहेर पडून मागच्यालाही लागण्याची शक्यता मोठी. म्हणून घरात किंवा अंगावर भरून ठेवायला एफएमजे वापरू नये.

स्वसंरक्षणासाठी जेएचपी, म्हणजे जॅकेटेड हॉलो पॉइंट घ्यायची. तिच्या टोकाला खळगा असतो. ओलसर ऊतींत शिरताना खळग्यात दाब वाढतो, टोक फुलासारखं उमलतं, गोळीचा व्यास वाढतो आणि ती लवकर थांबते. घरच्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या दृष्टीने या लवकर थांबण्याचं महत्त्व सर्वांत जास्त आहे.

मात्र फार लवकर थांबणंही चूकच. मोजमापाचा मान्य आधार एफबीआयच्या चाचणीपद्धतीचा आहे. १० टक्के जिलेटिनमध्ये गोळी किमान १२ इंच (३० सेंमी) जावी आणि १८ इंचांच्या (४५ सेंमी) आत थांबावी. १२ इंच ऐकून लोक दचकतात, कारण माणसाची छाती तेवढी खोल नसते. पण समोरचा कधी आडवा उभा असतो, कधी त्याचा पुढे आलेला हात आधी लागतो, आणि त्यातूनही गोळीने महत्त्वाच्या अवयवापर्यंत पोचावं लागतं. जिलेटिन म्हणजे शरीर नव्हे. ते वेगवेगळ्या गोळ्यांची एकाच मापाने तुलना करण्याचं साधन आहे.

याच पद्धतीत नुसत्या जिलेटिनशिवाय जाड कपडे, पत्रा, ड्रायवॉल, प्लायवूड आणि गाडीची काच यांतूनही गोळी झाडतात. पोलिसांना काच आणि पत्रा लागतो. घरमालकाने मुख्यतः दोन निकाल पाहावेत: नुसतं जिलेटिन आणि जाड कपडे. कपड्यांचा निकाल फार बोलका असतो. कमअस्सल गोळीचा खळगा कापसाने भरतो, ती उमलत नाही आणि एफएमजेसारखी पुढे निघून जाते. मिनेसोटात किंवा शिकागोत हिवाळ्यात सगळेच जाड जॅकेटमध्ये असतात, त्यामुळे तिथे तर हा निकाल आधी वाचा.

निकाल वाचताना ज्या नळीतून गोळी झाडली तिची लांबी पाहा. ४ इंची नळीचा सुंदर निकाल ३ इंची पिस्तुलाला लागू होतोच असं नाही.

काय टाळायचं ते थोडक्यात. आघाताने तुकडे होणाऱ्या ‘खास’ गोळ्या, एका काडतुसात अनेक छर्रे, चित्रविचित्र आकाराच्या महागड्या गोळ्या: यांचं भेदन बहुधा उथळ असतं किंवा भरवशाचं नसतं. रिलोड केलेली, म्हणजे वापरलेल्या पुंगळ्यांत पुन्हा भरलेली काडतुसंही नकोत. बहुतेक पिस्तूल निर्माते ती वापरल्यास वॉरंटी नाकारतात. शिवाय प्रकरण न्यायालयात गेलं तर कारखान्याच्या काडतुसाचा नमुना मिळवता येतो, घरी भरलेल्याचा नाही.

टप्पा ४: वजन, वेग आणि नळीची लांबी

गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. ९ मिमीत ११५, १२४ आणि १४७ ग्रेन ही नेहमीची वजनं, म्हणजे साधारण ७.५, ८ आणि ९.५ ग्रॅम. हलकी गोळी वेगवान, जड गोळी संथ. ‘वेग जास्त म्हणजे गोळी चांगली’ हे समीकरण मनातून काढून टाका. प्रत्येक गोळी एका ठरावीक वेगाच्या पट्ट्यात उमलेल अशी घडवलेली असते. त्या पट्ट्याच्या खाली गेली तर उमलत नाही, वर गेली तर लवकर उमलून उथळ थांबते.

पहिल्यांदा निवडणाऱ्याने ९ मिमीत १२४ किंवा १४७ ग्रेनपासून सुरुवात करावी. फेडरल एचएसटी आणि स्पीअर गोल्ड डॉट ही नावं पोलीस दलांच्या वापरात वर्षानुवर्षं टिकलेली आहेत. एचएसटीची १२४ ग्रेनची गोळी सुमारे ११५० फूट प्रतिसेकंद वेगाने निघते, १४७ ग्रेनची सुमारे १०००. हॉर्नडीने क्रिटिकल डिफेन्स लहान पिस्तुलांसाठी आणि क्रिटिकल ड्युटी मोठ्या पिस्तुलांसाठी आखली आहे. खोकं उचलताना या दोन नावांत घोटाळा होतो, तो टाळा.

३.५ इंचांहून आखूड नळी असेल तर पावडर पूर्ण जळायच्या आत गोळी बाहेर पडते आणि वेग घटतो. अशा पिस्तुलासाठी आखूड नळीतून घेतलेले निकाल शोधा किंवा आखूड नळीसाठीच बनवलेलं काडतूस घ्या. इथे प्लस-पी घेऊन वेग भरून काढायचा मोह होतो. पण हलक्या, छोट्या पिस्तुलात प्लस-पीचा धक्का एवढा बसतो की दुसरा नेम लागायला वेळ जातो. हाताला झेपत नसेल तर साधा दाब घ्या. साध्या दाबाची चांगली जेएचपी १२ इंचांची अट पूर्ण करते.

बाकीच्या कॅलिबरांबद्दल मोजकंच. ३८० एसीपीत तडजोड अटळ आहे: बऱ्याच जेएचपी उमलतात पण १२ इंच गाठत नाहीत, किंवा गाठतात पण उमलत नाहीत. निकाल पाहिल्याशिवाय घेऊ नका. २ इंची नळीच्या ३८ स्पेशल रिव्हॉल्व्हरसाठी स्पीअरची १३५ ग्रेनची गोल्ड डॉट प्लस-पी याच लांबीसाठी बनवलेली आहे. रिव्हॉल्व्हरला प्लस-पी चालत नसेल किंवा मनगट दुखत असेल तर १४८ ग्रेनची सपाट टोकाची वॅडकटर चालते. ती उमलत नाही, पण कडा धारदार असते, भेदन पुरेसं असतं आणि धक्का सौम्य. आजी-आजोबांच्या वयाच्या माणसांसाठी हा पर्याय आम्ही आधी सुचवतो. ३५७ मॅग्नमचं काडतूस बंद खोलीत झाडलं तर आवाज आणि लखलखाट दोन्ही भयंकर. घरासाठी त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये ३८ स्पेशल भरा.

टप्पा ५: घराच्या भिंती मोजा

अमेरिकेतल्या घरांत आतली भिंत म्हणजे लाकडी फळ्यांचा सांगाडा आणि दोन्ही बाजूंना प्रत्येकी अर्धा इंच ड्रायवॉल. जी गोळी १२ इंच जिलेटिन भेदते ती अशा भिंतीतून जातेच, आणि एकीतून नाही तर पाठोपाठच्या अनेक भिंतींतून. हॉलो पॉइंट भिंतीत थांबते ही समजूत घातक आहे. ड्रायवॉलच्या जिप्समने खळगा भरतो आणि ती गोळी एफएमजेसारखी वागते. भिंतीत थांबेल अशी गोळी शोधली तर ती माणसातही उथळच थांबेल. म्हणून हा प्रश्न काडतुसाने सुटत नाही, दिशेने सुटतो.

कागदावर घराचा नकाशा काढा. मुलं कुठे झोपतात, पाहुण्यांची खोली कुठे, अपार्टमेंट असेल तर कुठल्या भिंतीपलीकडे शेजारी आहे, ते मांडा. ज्या कोपऱ्यात सगळे जमणार तिथून दाराकडे रेघ ओढा आणि ती पुढे वाढवा. रेघ मुलांच्या खोलीतून जात असेल तर उभं राहायची जागा बदला. बाहेरची विटांची भिंत, भरलेलं पुस्तकांचं कपाट किंवा जमिनीखालच्या बेसमेंटची काँक्रीटची बाजू मागे येईल अशी जागा बरी.

तपासा: रेघेच्या दोन्ही बाजूंना थोडं अंतर सोडून पाहा. घाबरलेल्या हाताचा नेम रेघेवर राहत नाही.

टप्पा ६: किती घ्यायची

समजा १५ राउंडची दोन मॅगझिन आहेत. दोन्ही भरून ठेवायला ३०. प्रत्येक मॅगझिन दोनदा पूर्ण भरून चाचणी करायला ६०. राखीव ३०. एकूण १२०, म्हणजे २० च्या खोक्याची सहा खोकी. त्याच गोळीचं ५० चं खोकं मिळत असेल तर दर राउंडमागे ते बहुधा स्वस्त पडतं. शिवाय एफएमजेचे निदान २०० राउंड घ्या, वजन शक्यतो तेच. १४७ ग्रेनची जेएचपी ठेवायची आणि सराव ११५ ग्रेनवर करायचा, असं केलं तर धक्का वेगळा जाणवतो आणि गोळी लागण्याची जागाही सरकते.

पण सगळं एकदम घेऊ नका. आधी एकच खोकं. ते पिस्तुलात नीट चाललं तर बाकीची, शक्यतो त्याच लॉट क्रमांकाची. लॉट क्रमांक खोक्याच्या फ्लॅपवर छापलेला असतो. खोकी फेकू नका.

निकेलचा मुलामा दिलेली चंदेरी पुंगळी आणि सीलबंद प्रायमर मिळाले तर उत्तम. अशी पुंगळी घामाने लवकर काळवंडत नाही आणि अंधुक उजेडात चेंबरमध्ये चटकन दिसते.

टप्पा ७: रेंजवर चाचणी

सगळ्यात जास्त टाळला जाणारा टप्पा हाच, कारण एका राउंडला डॉलरच्या आसपास पडतं. पण कागदावरचं सर्वोत्तम काडतूस तुमच्या पिस्तुलात अडकत असेल तर त्याचा उपयोग शून्य. चाचणीसाठी लागणारे पैसे हा काडतुसाच्या किमतीचाच भाग धरा.

तयारी: डोळ्यांना चष्मा, कानांना मफ, बंदिस्त रेंजवर आत प्लगही. पिस्तूल साफ केलेलं आणि मॅन्युअलप्रमाणे तेल दिलेलं. प्रत्येक मॅगझिनवर टेप लावून १, २, ३ असे आकडे. वही आणि पेन.

पहिली पायरी, पिस्तूल तपासणं. एफएमजेचे २०० राउंड झाडा. इथेच अडकत असेल तर दोष पिस्तुलाचा, मॅगझिनचा किंवा पकडीचा आहे. तो सुटेपर्यंत महागडं खोकं उघडू नका.

दुसरी पायरी, जेएचपी. मॅगझिन पूर्ण भरा. शेवटच्या एक-दोन राउंडसाठी स्प्रिंग किती कडक होते ते जाणवू द्या. काही मॅगझिन पूर्ण भरल्यावर स्लाइड बंद असताना बसायला कुरकुरतात, ते इथेच कळतं. पहिलं मॅगझिन सावकाश, दोन्ही हातांनी. दुसरं जरा वेगात. तिसऱ्यातले काही राउंड एकट्या उजव्या हाताने, काही एकट्या डाव्या हाताने. सैल मनगटाने काही पिस्तुलं पुंगळी पूर्ण बाहेर फेकत नाहीत, आणि जखमी हाताने पकड सैलच असणार. चौथं पुन्हा सावकाश.

प्रत्येक मॅगझिननंतर चार गोष्टी लिहा: काडतूस चेंबरमध्ये नीट शिरलं का, पहिल्याच ठोक्याला उडालं का, पुंगळी स्वच्छ बाहेर पडली का, शेवटच्या राउंडनंतर स्लाइड मागे अडकून राहिली का.

तिसरी पायरी, नेम. ७ यार्डांवरून पाच राउंड एफएमजे आणि पाच राउंड जेएचपी दोन वेगळ्या कागदांवर. मग १५ यार्डांवरून तसंच. दोन्हींचे पुंजके एकमेकांपासून किती सरकले ते मोजा. जड आणि संथ गोळी बहुधा थोडी वर लागते. ७ यार्डांवर इंचभर फरक चालतो. १५ यार्डांवर तळहाताएवढा फरक पडत असेल तर दुसरं वजन निवडा.

चुकलं तर काय करायचं? काडतूस अडकलं तर कोणत्या क्रमांकाच्या मॅगझिनमध्ये ते आधी पाहा. एकाच मॅगझिनमध्ये पुन्हा पुन्हा होत असेल तर ते मॅगझिन बाद. सगळ्यांत होत असेल आणि एफएमजे नीट चालत असेल, तर गोळीचं रुंद तोंड फीड रॅम्पवर, म्हणजे काडतूस मॅगझिनमधून चेंबरमध्ये चढतं त्या उतारावर, आपटतंय. जुन्या १९११ पद्धतीच्या पिस्तुलांत हे नेहमी घडतं. काडतूस बदला. घरी सँडपेपर घेऊन रॅम्प घासू नका. त्याचा कोन बिघडला की पुंगळीचा आधार जातो.

सावधान: चाप ओढल्यावर नुसता ‘टक’ आवाज आला तर नळी लक्ष्याकडेच धरून ३० सेकंद थांबा. काडतूस उशिरा उडू शकतं. नेहमीपेक्षा दबका ‘फुस्स’ आवाज आला तर ताबडतोब थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि तिच्यामागे दुसरी झाडली तर नळी फुटते. अशा वेळी पिस्तूल रेंजच्या अधिकाऱ्याकडे द्या.

रिव्हॉल्व्हर असेल तर एक चाचणी अधिक. सिलिंडर पूर्ण भरा, एक राउंड सोडून बाकी सगळे झाडा. तो उरलेला राउंड काढून खोक्यातल्या नव्या राउंडशेजारी उभा करा. हलक्या रिव्हॉल्व्हरच्या धक्क्याने त्याची गोळी पुंगळीतून पुढे सरकलेली असेल तर ते काडतूस तुमच्यासाठी नाही. तेवढ्यानेच सिलिंडर फिरायचा थांबू शकतो.

रेंजवरून निघताना हात आणि तोंड गार पाण्याने, साबण लावून धुवा. त्याआधी काही खाऊ नका. शिशाची धूळ बोटांवर असते. ते कपडे मुलांना कडेवर घेण्याआधी बदला.

टप्पा ८: भरणं, फिरवणं, साठवणं

चाचणीत पास झालेली काडतुसं भरताना प्रत्येक राउंड उजेडात फिरवून पाहा. प्रायमर उलटा किंवा वर आलेला, पुंगळीला पोचा, गोळी तिरकी: काहीही दिसलं तर बाजूला.

यानंतरची मोठी चूक रोजच्या हाताळणीत होते. कॅरी करणारे रोज संध्याकाळी चेंबरमधला राउंड काढतात आणि सकाळी तोच परत चढवतात. दर वेळी गोळीचं टोक रॅम्पवर आपटतं आणि ती हळूहळू पुंगळीत आत दबते. आतली जागा कमी झाली की दाब धोकादायक वाढतो. वारंवारच्या धक्क्यांनी प्रायमरमधलं मिश्रणही सुटू शकतं, मग काडतूस उडतच नाही. म्हणून चेंबरमध्ये एकदा जाऊन आलेल्या राउंडच्या बुडावर मार्करने खूण करा. दोन खुणा झाल्या की तो बाद राउंडांच्या डब्यात. शंका आली तर नव्या राउंडशेजारी सपाट काचेवर उभा करा. डोळ्यांना आखूड दिसला तर तो झाडूसुद्धा नका. व्हर्निअर कॅलिपर असेल तर खोकं उघडल्याच दिवशी नव्या राउंडची लांबी मोजून वहीत लिहा. पिस्तूल तिजोरीतच राहणार असेल तर सारखं भरणं-उतरवणं बंदच करा.

साठवण थंड, कोरड्या जागी, मूळ खोक्यात, कुलूपबंद, पिस्तुलापासून वेगळी. टेक्सास किंवा ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये काडतुसं ठेवू नका. काडतुसांना तेल लावू नका. गंज काढणारं पातळ स्प्रे तेल प्रायमरच्या कडेने आत शिरू शकतं आणि मग काडतूस उडत नाही.

दसऱ्याला शस्त्रपूजा करणाऱ्या घरांनी पिस्तूल पाटावर मांडण्याआधी ते रिकामं करून दोघांनी तपासावं. सगळी काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवावीत. हळद-कुंकू, अक्षता आणि फुलांच्या पाकळ्या नळीच्या तोंडात किंवा चेंबरमध्ये जाऊ देऊ नयेत. पूजा झाल्यावर नळीत उजेड टाकून आरपार पाहावं आणि मगच पिस्तूल तिजोरीत ठेवावं.

भरलेली काडतुसं वर्षातून एकदा रेंजवर झाडून संपवा आणि राखीव साठ्यातली नवी भरा. पोचे आलेली, गंजलेली, आखूड झालेली कचऱ्यात टाकू नका. गावच्या पोलीस ठाण्याला किंवा रेंजला फोन करून विचारा. बऱ्याच ठिकाणी ती स्वीकारतात.

तपासा: भारतात जायच्या आठवडाभर आधी प्रत्येक बॅग, सॅक, जॅकेटचा खिसा आणि कॅमेऱ्याची पिशवी पूर्ण उलटी करून झटका. रेंजवर नेलेली सॅक प्रवासाला घेऊच नका. भारतात परवान्याशिवाय एक जिवंत काडतूस सापडलं तरी शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा नोंदवला जातो, आणि रिकामी पुंगळीसुद्धा अडचणीत आणते. ते नकळत राहिलं होतं हा बचाव न्यायालयात करता येतो, पण तोवर अटक झालेली असते आणि विमान निघून गेलेलं असतं. शिवणीच्या आतल्या अस्तरात बोट घालून पाहा. लहान काडतूस तिथेच घरंगळून बसतं.